मस्की मासेमारीची गळकाठी (शीत हंगाम व जिवंत आमिष)

मस्केलंज ऊर्फ मस्की (शास्त्रीय नाव: एसॉक्स मास्किनाँजी) हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील मोठा शिकारी मासा आहे. शरद ऋतूच्या उत्तरार्धापासून तलाव गोठेपर्यंतच्या थंडीत हा मासा जिवंत आमिषावर पकडण्याची पद्धत अमेरिकेची विस्कॉन्सिन, मिशिगन आदी राज्ये आणि कॅनडाचा काही भाग येथे रूढ आहे. या पद्धतीसाठी लागणारी गळकाठी कृत्रिम आमिष फेकण्याच्या काठीहून काही बाबतींत वेगळी असते. जड आमिषाचा भार पेलणे, माशाच्या हाडयुक्त जबड्यात गळ रुतवणे, गळ रुतल्यानंतर माशाचे हिसके सोसणे आणि गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानातही दोरी सुरळीत सोडणे ही तिची मुख्य कामे होत. गळ माशाच्या तोंडात रुततो की पोटात, यावर सोडून दिलेल्या माशाचे जगणे अवलंबून असते. त्यामुळे काठीची निवड ही केवळ सोयीची बाब न राहता संवर्धनाशीही जोडली गेली आहे.

माशाची ओळख

मस्की हा पाइक माशांच्या एसॉसिडी कुळातील सर्वांत मोठा मासा आहे. या कुळातील मासे भारतात आढळत नाहीत. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपी नदीचे वरचे खोरे आणि ओहायो नदीचे खोरे हा मस्कीचा मूळ प्रदेश असून अन्य अनेक जलाशयांत तो सोडण्यात आला आहे. त्याचे नाव ओजिब्वे भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. लांबट शरीर, चपटा जबडा, तीक्ष्ण दात आणि शेपटीजवळ असलेला पाठीवरचा पर ही त्याची लक्षणे आहेत. १२७ सेंटिमीटर, म्हणजे ५० इंचांहून लांब मासा मिळणे ही गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये मोठी गोष्ट मानली जाते.

आंतरराष्ट्रीय क्रीडा मासेमारी संघटनेच्या नोंदीनुसार कॅल जॉन्सन यांनी २४ जुलै १९४९ रोजी विस्कॉन्सिनमधील लाक कूर्ट ओरेय या तलावात पकडलेला ६७ पौंड ८ औंस (सुमारे ३०.६ किलोग्रॅम) वजनाचा मासा हा जागतिक विक्रम आहे. हेवर्ड येथील गोड्या पाण्यातील मासेमारीचे कीर्तिदालन मात्र लुई स्प्रे यांच्या त्याच वर्षीच्या ६९ पौंड ११ औंस वजनाच्या माशाला विक्रमाचा मान देते. १९५५ मध्ये विस्कॉन्सिनने मस्कीला राज्यमाशाचा दर्जा दिला.

मस्की क्वचितच गळाला लागतो. 'दहा हजार फेकींचा मासा' हे त्याचे प्रचलित बिरुद त्यावरूनच पडले. अनेकदा तो आमिषाच्या मागोमाग नावेपर्यंत येतो आणि ते न पकडताच परत फिरतो.

थंडीतील वर्तन व जिवंत आमिष

मासे शीतरक्त असल्याने पाण्याच्या तापमानाबरोबर त्यांच्या शरीरक्रियांचा वेग बदलतो. उन्हाळ्यात खोल तलावांतील पाण्याचे वरचा उबदार आणि खालचा थंड असे थर पडतात. शरद ऋतूत वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते आणि वाऱ्याच्या साह्याने संपूर्ण तलावाचे पाणी मिसळते. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यामुळे त्याखाली तापमान उतरल्यावर अधिक थंड पाणी वरच राहते आणि बर्फ पृष्ठभागावर धरतो. पाणी मिसळल्यानंतर आणि बर्फ धरण्यापूर्वी जे काही आठवडे मिळतात, तो जिवंत आमिषाच्या मासेमारीचा मुख्य काळ असतो.

या काळात मस्कीच्या हालचाली मंदावतात, पण हिवाळ्यापूर्वी त्याचे खाणे सुरूच असते. वेगाने ओढलेल्या कृत्रिम आमिषाचा पाठलाग करण्यापेक्षा समोर संथपणे हलणारा मोठा मासा पकडणे त्याला सोपे जाते. आमिष म्हणून मुख्यतः व्हाइट सकर हा मासा वापरतात. त्याची लांबी सहसा ३० ते ४५ सेंटिमीटर असते. ३० सेंटिमीटरच्या सकरचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते, तर ४० सेंटिमीटरच्या सकरचे वजन त्याच्या दुपटीहून अधिक असते. काठीच्या निवडीची सुरुवात या वजनापासून होते.

विस्कॉन्सिनमधील प्रचलित पद्धतीत सकर नावेच्या बाजूला किंवा मागे सोडून त्याची काठी धारकात ठेवतात आणि दुसऱ्या काठीने कृत्रिम आमिष फेकत राहतात. कृत्रिम आमिषामागे आलेला पण ते न पकडणारा मासा नावेजवळचा जिवंत सकर पाहून त्याच्यावर झडप घालण्याची शक्यता असते.

गळजोडणी आणि तिचा काठीशी संबंध

मस्की आपले भक्ष्य प्रथम मध्यभागी आडवे पकडतो, मग ते फिरवून डोक्याकडून गिळतो. जुन्या पद्धतीत सकरच्या नाकात एकच मोठा गळ अडकवत आणि मस्कीने तो पूर्ण गिळेपर्यंत बराच वेळ थांबत. यात गळ जठरात किंवा अन्ननलिकेत रुतत असे. दोरी कापून सोडलेला मासा पोहत निघून गेल्याने तो वाचला असे वाटे. प्रत्यक्षात विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे गळ गिळलेले बहुतांश मासे वर्षभरात मेल्याचे आढळले. मृत्यू ताबडतोब होत नसल्याने ही हानी दीर्घकाळ लक्षात आली नव्हती.

आता तत्काळ ओढीची जोडणी वापरली जाते. तिच्यात पोलादी तारेवर दोन तीनटोकी गळ असतात. त्यांपैकी एक सकरच्या पुढील भागात, तर दुसरा पाठीच्या मागील भागात हलकेच अडकवतात. मस्कीने सकर आडवा धरताच दोहोंपैकी एक गळ त्याच्या तोंडात असतो. त्यामुळे गिळण्याची वाट पाहावी लागत नाही. विस्कॉन्सिनच्या नियमांनुसार ८ इंच (सुमारे २० सेंटिमीटर) वा त्याहून लांब जिवंत मासा आमिष म्हणून लावल्यास अशी जोडणी वापरून तत्काळ ओढ देणे किंवा सरळ टोकाचा वर्तुळाकार गळ वापरणे आवश्यक आहे.

जोडणी बदलल्यामुळे काठीचे कामही बदलले. मासा सकर दाबून धरतो, तेव्हा ओढ दिल्यावर गळ प्रथम सकरच्या शरीरातून सुटला पाहिजे आणि मग मस्कीच्या तोंडातील हाडांच्या मधल्या जागेत रुतला पाहिजे. ही दोन्ही कामे एकाच झटक्यात व्हावी लागतात. कमकुवत काठीने गळ सकरमध्येच राहतो. मासा काही क्षणांनी तोंड उघडून आमिष सोडून देतो किंवा ते गिळू लागतो. दुसऱ्या स्थितीत जुन्या पद्धतीचाच धोका पुन्हा उभा राहतो.

काठीचे गुणधर्म

ताकद

उत्पादक काठीवर तिची ताकद, दोरीची क्षमता आणि आमिषाच्या वजनाची मर्यादा छापतात. जिवंत सकरसाठी सामान्यतः 'हेवी' किंवा 'एक्स्ट्रा हेवी' वर्गातील काठी निवडतात. लहान सकरसाठी 'मीडियम हेवी' वर्गही चालतो. या वर्गांचे सर्व उत्पादकांना बंधनकारक असे प्रमाण नाही. एका उत्पादकाची 'हेवी' काठी दुसऱ्याच्या 'एक्स्ट्रा हेवी' काठीइतकी कडक असू शकते, त्यामुळे नावापेक्षा छापलेले वजन अधिक उपयोगी ठरते.

मोठ्या सकरचे वजन बहुतेक मस्की काठ्यांच्या छापील मर्यादेहून अधिक भरते. ही मर्यादा पूर्ण जोराने फेकण्यासाठी असते. सकर मात्र तसा फेकत नाहीत. तो नावेच्या कडेने पाण्यात सोडतात किंवा खालून हलकेच झुलवून टाकतात. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी काठी चालते. पण सकर लावलेल्या काठीने डोक्यावरून जोरदार फेक केल्यास ती मोडण्याचा संभव असतो, शिवाय आमिषही गळावरून सुटते.

वाक

भार आल्यावर काठी कोणत्या भागात वाकते, याला उत्पादक 'अ‍ॅक्शन' म्हणतात. 'फास्ट' काठी टोकाशी वाकते, तर 'मॉडरेट' काठी मध्यापर्यंत वाकते. कृत्रिम आमिषांना झटके देऊन नाचवण्यासाठी पहिला प्रकार सोयीचा असतो. जिवंत आमिषासाठी दुसऱ्या प्रकाराला किंवा दोहोंच्या मधल्या प्रकाराला पसंती दिली जाते. याची कारणे तीन आहेत.

* धारकात ठेवलेल्या काठीचे मऊ टोक सकरच्या हालचाली दाखवते. सकर अस्वस्थ होऊन धडपडू लागल्यास ती जवळ आलेल्या मस्कीची खूण असू शकते.
* मस्कीने सकर धरल्यावर मऊ टोक थोडे झुकते आणि त्याला पहिला प्रतिकार कमी जाणवतो.
* नावेजवळ मासा डोके झटकतो तेव्हा काठी वाकून दोरीवरील ताण टिकवते. ताठ काठीत दोरी क्षणभर सैल पडते आणि गळ निसटतो.

टोक मऊ असले तरी काठीचा खालचा अर्धा भाग ताठ असणे आवश्यक असते. गळ रुतवण्याचे बळ तिथून मिळते.

लांबी

विसाव्या शतकाच्या मध्यास मस्कीसाठी साडेपाच ते साडेसहा फुटांच्या आखूड व अतिशय ताठ काठ्या वापरात होत्या. पुढे लांबी वाढत गेली आणि आता ८ ते ९ फुटांच्या (सुमारे २.४ ते २.७ मीटर) काठ्या सर्रास दिसतात. लांब काठीचे टोक एका झटक्यात अधिक अंतर कापते, त्यामुळे पाण्यात पडलेली सैल दोरी लवकर उचलली जाते. तरंत्या भेंडाखाली सकर लावून तो नावेपासून दूर सोडला असेल, तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. एकाच नावेतून दोन-तीन दोऱ्या सोडताना लांब काठ्यांमुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात.

लांब काठीला मर्यादाही आहेत. काठी जितकी लांब तितकी माशाच्या बाजूची तरफ मोठी होते आणि तेवढाच ताण देण्यासाठी हातांना अधिक श्रम पडतात. नावेच्या अगदी खाली सोडलेल्या सकरसाठी साडेसात ते आठ फुटांची काठी हाताळण्यास सोपी जाते. अखंड ९ फुटी काठी वाहनातून नेणे अवघड असल्याने मुठीचा भाग आत सरकणाऱ्या किंवा दोन तुकड्यांच्या काठ्याही मिळतात.

साहित्य

बांबूच्या काठ्यांची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्यांनी घेतली आणि १९७० च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन तंतूच्या काठ्या बाजारात आल्या. ग्रॅफाइट हलके, ताठ आणि संवेदनशील असते. पण नावेच्या काठावर आपटून त्यावर ओरखडा पडल्यास ते पुढे भाराखाली अचानक मोडू शकते. काचतंतू जड व संथ असतो, मात्र तो अधिक वाकतो आणि आघात सहन करतो. धारकात तासन्‌तास राहणाऱ्या काठीचे वजन हाताला जाणवत नाही. त्यामुळे या कामात काचतंतूचा मुख्य दोष गौण ठरतो. म्हणूनच काचतंतूच्या किंवा दोन्ही तंतूंच्या मिश्र काठ्या येथे उपयुक्त मानल्या जातात. दिवसभर कृत्रिम आमिष फेकणाऱ्यासाठी हाच हिशेब उलटा होतो.

रीळ, दोरी आणि अग्रदोर

काठीवर सामान्यतः आडव्या गुंडीचे मोठे रीळ लावतात. त्यावर आवाज करणारी खुंटी असणे सोयीचे असते. गुंडी मोकळी सोडून ही खुंटी लावली की सकरला दोरी ओढून नेता येत नाही, पण मस्कीने आमिष पळवल्यास दोरी सुटते आणि खडखडाट ऐकू येतो. रिळाचा रोध आवळलेला असताना काठी धारकात ठेवल्यास मोठा मासा काठी धारकासह ओढून नेऊ शकतो. म्हणून काही जण काठीला सुरक्षा दोरही बांधतात.

पूर्वी ताणणारी डेक्रॉनची दोरी वापरत. १९९० च्या दशकापासून पॉलिइथिलीन तंतूंची विणलेली दोरी प्रचारात आली. मस्कीसाठी ती ६५ ते १०० पौंड क्षमतेची घेतात. ही दोरी जवळपास ताणत नाही. त्यामुळे लांबवरून दिलेला झटकाही गळापर्यंत पोहोचतो, पण माशाचा हिसकाही तसाच काठीपर्यंत येतो. हा हिसका झेलणारा एकमेव लवचीक भाग काठी असते. वाक मध्यापर्यंत असलेली काठी निवडण्यामागे हेही एक कारण आहे. नायलॉनचा तंगूस ताणतो व पाणी कमी धरतो. तथापि लांब अंतरावर त्याच्या ताणामुळे गळ रुतवण्याचे बळ घटते. मस्कीचे दात दोरी सहज कापतात, म्हणून गळजोडणीच्या पुढे पोलादी तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा अग्रदोर असतो.

थंडीचा साधनांवर परिणाम

हवेचे तापमान शून्याखाली गेल्यावर दोरीसोबत आलेले पाणी काठीच्या कड्यांत गोठते. विणलेली दोरी तंतूंमध्ये पाणी धरून ठेवत असल्याने ही अडचण तिच्याबाबत अधिक येते. लहान कड्या लवकर बुजतात; म्हणून शीत हंगामासाठी, विशेषतः टोकाकडे, मोठ्या व्यासाच्या कड्या असलेली काठी निवडतात. बर्फ धरलेली कडी दोरी अडवते, आणि मासा लागल्यानंतर हा अडथळा आल्यास दोरी तुटू शकते किंवा काठी मोडू शकते.

कडीतील बर्फ ठोकून किंवा नखाने खरवडून काढल्यास आतील सिरॅमिक वलय तडकते अथवा निघून येते. तडकलेले वलय दोरी कापते. तलावाचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. त्यामुळे काठीचे टोक काही क्षण पाण्यात बुडवून बर्फ वितळवणे आणि नंतर पाणी झटकणे ही सुरक्षित रीत आहे. कड्यांना ओठांचे मलम किंवा स्वयंपाकाच्या तेलाचा पातळ थर लावल्याने बर्फ धरण्यास उशीर होतो.

रिळावरची ओली दोरी गोठून तिचा गोळा होतो आणि जाड वंगण थंडीत घट्ट होते. हंगामापूर्वी जुने वंगण काढून त्याचा पातळ थर देण्याची पद्धत आहे. रिळाची खुंटी गोठली नसल्याची खात्री मासेमारीदरम्यान अधूनमधून करून घेतात.

मुठीचा विचारही हंगामानुसार होतो. बुचाची किंवा फेसाची मूठ धातूच्या तुलनेत कमी गार लागते. मुठीचा मागचा भाग दोन्ही हातांनी पकडून झटका देण्याइतका लांब असावा लागतो. परंतु तो अति लांब असल्यास जाड कोटात किंवा जीवरक्षक जाकिटात अडकतो. म्हणून काठीची पारख हिवाळी कपडे व हातमोजे घालून करणे इष्ट मानले जाते.

गळ रुतवण्याची कृती

मस्कीने सकर पकडल्यावर काठी धारकातून उचलून दोरी मोकळी ठेवतात. नाव हळूच माशाच्या दिशेने नेऊन मधली सैल दोरी गुंडाळतात, शक्यतो मासा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे पाहतात आणि त्याच्या गतीच्या विरुद्ध दिशेने एकच जोरदार ओढ देतात. माशाच्या पुढून ओढ दिल्यास आमिष तोंडातून सरळ बाहेर येण्याची शक्यता असते. ओढ देताना रिळाचा रोध घट्ट ठेवतात आणि गळ रुतल्यावर तो थोडा सैल करतात. ही सर्व कृती शक्य तितक्या लवकर उरकणे अपेक्षित असते, कारण प्रत्येक वाढीव मिनिटागणिक आमिष गिळले जाण्याचा धोका वाढतो. वर्तुळाकार गळ असल्यास जोरदार झटका न देता दोरी गुंडाळत सलग ताण देतात. अशा वेळी मऊ वाकाची काठी अधिक अनुकूल ठरते.

मासा सोडणे

१९६६ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे स्थापन झालेल्या 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' या संस्थेने पकडलेला मासा जिवंत सोडण्याच्या प्रथेचा पुरस्कार केला. आज बहुतेक मस्की मासेमार हीच प्रथा पाळतात. पुरेशा ताकदीच्या काठीमुळे झुंज लवकर संपते व मासा कमी दमतो. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळत असल्याने दमलेला मासा उन्हाळ्यापेक्षा सहज सावरतो. मात्र हवा गोठणबिंदूखाली असताना मासा पाण्याबाहेर धरल्यास त्याचे कल्ले आणि डोळे यांना इजा होऊ शकते. म्हणून मोठ्या, रबरी थर दिलेल्या हातजाळ्यात मासा पाण्यातच ठेवून लांब पकडीने गळ काढतात. गळ घट्ट बसला असल्यास तो तार कापण्याच्या कात्रीने तोडतात.

नियम

मस्की मासेमारीचे नियम राज्यागणिक वेगळे असून ते बदलत असतात. विस्कॉन्सिनमध्ये एका व्यक्तीला तीन गळदोऱ्या वापरता येतात. त्यामुळे सकरची काठी धारकात ठेवून दुसरी काठी फेकणे शक्य होते. मिनेसोटात बर्फविरहित पाण्यात सामान्यतः एकाच दोरीची परवानगी असल्याने तेथे ही पद्धत एकट्याला वापरता येत नाही. मासा ठेवण्यासाठीची किमान लांबी मिनेसोटाच्या बहुतेक जलाशयांत ५४ इंच, तर विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारणपणे ४० इंच आहे.

एका जलाशयातील जिवंत मासे दुसऱ्यात नेल्याने रोग आणि परकीय जीव पसरतात. २००० च्या दशकात ग्रेट लेक्स परिसरात माशांच्या विषाणूजन्य रक्तस्रावी रोगाचा प्रादुर्भाव झाला व त्यात मस्कीही मेले. त्यानंतर अनेक ठिकाणी जिवंत आमिषाच्या वाहतुकीवर निर्बंध आले. क्वेबेक प्रांतात जिवंत मासे आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे. अशा ठिकाणी वरील गुणांची काठी मृत आमिषासाठी किंवा संथपणे ओढायच्या मोठ्या रबरी आमिषासाठी वापरली जाते.